कागदावर राहणाऱ्या भाडेकरूस

प्रिय साहेब,


तुमच्यासारखा भाडेकरू मिळायला घरमालकाचं नशीब लागतं. तीन वर्षं झाली, तुम्ही बार्शीटाकळीत आमच्या मागच्या दोन खोल्यांत ‘राहता’; पण भिंतीला एक खिळा नाही, संडास तुंबत नाही, पाहुण्यांचा गलका नाही. महिन्याचे ३,००० रुपये येतात, मी पावती फाडतो आणि संध्याकाळी तुम्ही अकोल्याला आपल्या घरी जेवायला. मुख्यालयी राहण्याची अट सरकारनं तुम्हाला घातली, ती आमच्या भिंती पाळतात. वर्षाचं भाडं लाखाच्या आत, म्हणून पावतीवर माझा पॅन नंबरही कुणाला लागत नाही.

गावात याला अपडाऊन म्हणतात. अंतर अठरा-वीस किलोमीटरचं, त्यात तुमची काय चूक? आमच्याच तालुक्यातलं महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी अकोल्याला जातं, ते तर परतही येत नाही. तुम्ही निदान सकाळी येता.

पोरानं परवा हिशेब मांडला. वावर विकून खोल्यांत ९ लाख घातले, वर्षाला येतात ३६,००० रुपये. म्हणजे ४ टक्के, तेही घरपट्टी आणि रंगरंगोटी न धरता. “बाबा, बँकेत ठेवले असते तर याहून जास्त मिळाले असते.” मी म्हटलं, बँकेत ठेवून दारावर साहेबांच्या नावाची पाटी लागते का? मागं दवाखान्यातली एक सिस्टर खोली विचारायला आली होती. दोन लेकरं घेऊन खरोखरच राहणार होती बाई. मी नाही म्हटलं. राहणारा माणूस पाणी मागतो.

आता कळलं, अकोल्यात तुम्हीही वरचा मजला भाड्यानं दिला. तोही तोंडी, ‘माणूस ओळखीचा आहे’ म्हणून. म्हणजे आपण एकाच पंगतीला बसलो. तेव्हा चार शब्द ऐका, फुकटचे आहेत. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, असं १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं. चुकलात तर ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरून भांडण झालंच तर काय ठरलं होतं याबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू म्हणेल ते खरं. त्यापेक्षा लिव्ह अँड लायसन्स नोंदवा. मुदत संपूनही माणूस हलला नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट शुल्क मागता येतं. आमच्या वडिलांच्या काळी वऱ्हाडात सी.पी. अँड बेरारचा १९४९चा हुकूम होता. घर खाली करायची नोटीस द्यायलाही आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढा! ३१ मार्च २०००ला नवा कायदा लागू झाला आणि ती कटकट मिटली.

आणि हो, प्राप्तिकरात भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट मिळते, दुरुस्ती करा की न करा. आपल्यासारख्यांना शोभेल अशीच सोय आहे.

या महिन्याची पावती तयार आहे. फक्त पावसाळ्याआधी एकदा कुलूप उघडून जा. स्लॅब गळते का, ते आतून पाहायचं आहे, आणि किल्ली तुमच्याकडंच आहे.

आपला,
एक घरमालक, बार्शीटाकळी