पोशिंदा

पावसाळ्यात कुणाच्या तरी गॅलरीतल्या जास्वंदीला, फेस वाळून घट्ट व्हावा तशी एक तपकिरी गाठ चिकटलेली दिसते. शहाणा माणूस ती काडीसकट मोडून खाली टाकतो. पोशिंदा ती घरी आणतो, बरणीत उभी करतो, तोंडाला मलमलीचं फडकं बांधतो आणि विसरून जातो. मग एका सकाळी बरणीत शंभरेक खंडोबाचे किडे लटकत असतात. प्रत्येक जण मुंगीएवढा, प्रत्येकाचे हात जोडलेले आणि प्रत्येकाला भूक लागलेली.

खुद्द खंडोबाला चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा चालतो. त्याच्या किड्याला मात्र नैवेद्य हलता लागतो. वाढून ठेवलेल्या मेल्या माशीकडे तो ढुंकून बघत नाही. शेजारी सख्खा भाऊ हलला तर त्यालाच उचलतो. म्हणून पोशिंद्याकडे लस्सीचे चाळीस प्लास्टिकचे पेले आहेत. प्रत्येकात एक भाऊ, प्रत्येकावर रबरबँडनं ताणलेलं फडकं. (उरलेले साठ तो त्या रात्री टॉर्च घेऊन सोसायटीच्या बागेत सोडून आला. वॉचमननं त्याला विचारलंही नाही. वॉचमनला सवय आहे.)

लोक म्हणतात, हा किडे पाळतो. मी त्याच्याच मजल्यावर राहतो, मी सांगतो, किड्यात पाळण्यासारखं काही नसतं. तो दिवसभर काडीला उलटा लटकून असतो. हा पाळतो ते किड्याचं जेवण.

सुरुवात चिलटांपासून. ‘चिलटं नाहीत हो, फळमाश्या,’ पोशिंदा दुखावून सांगतो. ‘मॉर्गनला 1933 चं नोबेल यांच्याच जिवावर मिळालं.’ हे तो अशा आवाजात सांगतो, की मॉर्गनसाहेब याच्या आत्याचे दीर असावेत. उडणारी माशी पेल्यात सोडायची म्हणजे निम्म्या स्वयंपाकघरात जातात, म्हणून त्यानं एका प्राध्यापकांना गाठून आखूड पंखांची, उडता न येणारी जात मिळवली. तिला खायला काय? आपल्याकडच्या प्रयोगशाळांत घालतात तेच: रवा, गूळ, घट्टपणाला आगर, थोडं यीस्ट आणि बुरशी धरू नये म्हणून प्रोपिऑनिक आम्लाचे थेंब. हा त्यात पिकलेलं केळंही कुस्करतो. पहिल्यांदा ते पातेलं गॅसवर चढलं तेव्हा वहिनी डोकावून म्हणाल्या, ‘अहो, सत्यनारायण कधी ठरवलात? मला बोलला नाहीत ते!’ खरोखर, तूप तेवढं कमी होतं.

गार झालेला शिरा बाटल्यांत भरून माश्या सोडल्या, की पंचवीस अंशांना दहा-बारा दिवसांत पुढची पिढी तयार. बाटल्यांवर तारखा असतात. वहिनींच्या मंगळागौरीची तारीख तो विसरला, पण सात नंबरच्या बाटलीची विसरला नाही. आणि दर रविवारी सकाळी आठला, गुठळी होऊ न देता, जी निगुतीनं तो रवा भाजतो, तिच्यासाठी वहिनी पंधरा वर्षं थांबल्या होत्या. घरच्या पोह्यांपुरती मात्र ती त्याला कधी सुचली नाही.

या आखूड पंखांची एक खोड आहे. अळ्या तिशीच्या वरच्या उकाड्यात वाढल्या तर पंख बरेच लांब येतात. गेल्या मे महिन्यात पोशिंदा रात्रभर पंखा बाटल्यांकडे वळवून झोपला, घरचे घामात. तरी सकाळी आमरसाच्या वाटीवर पाच माश्या. त्या बाजारातून आंब्यांबरोबर आल्या असतील, असं मी म्हटलं. त्यानं भिंग काढलं. आम्ही सगळे पुऱ्या हातात धरून, त्याचं पंखांचं निरीक्षण संपायची वाट बघत बसलो.

किडा मोठा झाला की चिलटानं दात ओले होत नाहीत. मग रातकिडे. कोपऱ्यातल्या खोक्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले, अंडी घालायला ओल्या कोकोपीटची डबी, पाण्याऐवजी गाजराच्या चकत्या, कारण वाटीत पाणी ठेवलं तर रातकिडे बुडून मरतात. ‘ते जे खातील तेच शेवटी त्याच्या पोटात जाणार,’ हे त्याचं ब्रीद. म्हणून रातकिड्यांची कोथिंबीर फवाऱ्याच्या भीतीनं तीनदा धुतली जाते. माणसांची एकदाच. नर रात्रभर किर्र करतात. आमच्या बेडरूमची भिंत सामाईक आहे, एवढंच सांगतो.

रातकिड्यावर पूर्ण भरवसाही ठेवता येत नाही. खंडोबाचा किडा कात टाकायला उलटा लटकतो तेव्हा अगदी मऊ, असहाय असतो. त्या वेळी पेल्यात एखादा उपाशी रातकिडा राहिला, तर तोच जेवणाऱ्याला कुरतडतो. एकदा झालंही तसं. पोशिंदा दोन दिवस जेवला नाही. त्यानं त्या रातकिड्याला काही केलं नाही, फक्त वेगळ्या डबीत ठेवलं. तो अजून आहे म्हणे.

मग पक्ष्यांच्या दुकानातून मीलवर्म आले. ते गव्हाच्या कोंड्यात वाढतात, आवाज नाही, वास नाही, वहिनीही काही बोलल्या नाहीत. पण पेल्यात टाकले की तळाशी दडून बसतात आणि न हलणारं जेवण हे जेवण नव्हे. तेव्हा पोशिंदा वहिनींच्या भुवयांच्या चिमट्यात एकेक अळी धरून किड्यापुढे नाचवतो. हा चिऊचा, हा काऊचा, असं तोंडानं म्हणत नाही, पण ओठ हलतात. स्वतःच्या मुलाला भरवताना याच्या हातात कायम वर्तमानपत्र असायचं.

या घरात डासांची कॉइल, वडी, काही लागत नाही. त्या धुरातल्या औषधानं डासांबरोबर रातकिडेही आडवे होतात. त्यामुळे संध्याकाळी सातनंतर माणसं मच्छरदाणीत आणि किडे मोकळ्या हवेत. सोसायटीत पेस्ट कंट्रोल असलं की सगळी खोकी आमच्या घरी येतात. मागच्या वेळी त्यांत एक नवं होतं. ‘काय आहे?’ ‘काही नाही, प्रयोग आहे.’ खोक्यावर झाकण, झाकणावर टेप, टेपवर वीट. झुरळं. पैसे मोजून आणलेली.

फ्रीजचं सांगायलाच हवं. मोठ्या माश्यांचे कोश थंडीत ठेवले तर माश्या उशिरा बाहेर येतात, लागतील तशा काढता येतात. त्याच्याकडे ते श्रीखंडाच्या डब्यात असतात. दिसायला बारीक काळ्या मनुका. गणपतीत वहिनींच्या सासूबाई गावाहून आल्या, खीर उकळत होती, आणि त्यांनी हात घातला तो नेमका त्याच डब्यात. पोशिंदा दारातून ओरडला, ‘आई, नको! मोजलेले आहेत ते!’

दिवाळीनंतर थंडी पडली आणि चाळिसांतला शेवटचा किडा गेला. पूर्ण वाढ झाल्यावर त्यांचं आयुष्य काही महिन्यांचंच. वहिनींनी फ्रीजचा वरचा कप्पा पुसून घेतला. मी कोपऱ्यातल्या खोक्यांकडे बघितलं. रातकिडे जोरात होते. रविवार होता, आठ वाजले होते, रवा भाजल्याचा वास जिन्यापर्यंत येत होता.

पोशिंदा हात पुसत माझ्या दारात आला. ‘तुमच्या मेहुण्यांचं मुळशीला शेत आहे ना? जरा विचारता का, बांधावरच्या काटक्यांना एखादी गाठ दिसते का? म्हणजे घाई नाही. पण एवढ्या माश्या झाल्यात, वाया जातील हो.’