खर्च शून्य

आप्पांकडे पाहुणा गेला की त्याला चहाच्या आधी हौद बघावा लागतो. "आरं, चहा काय पळून चाललाय का? आधी हिकडं ये," म्हणत आप्पा दंडाला धरून त्याला गोठ्यामागं नेतात. तिथं शेवग्याखाली सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि वीतभर उंच असा विटांचा हौद आहे. आत सिल्पोलिनचा कागद, वर शेडनेट. शेडनेटची कड आप्पा इतक्या हलक्या हातानं उचलतात, की वाटावं खाली बाळच निजलंय. पाणी दिसतच नाही. दुधावर साय धरावी तसा बारीक पानांचा हिरवा थर.

"ओळख."

"शेवाळ?" पाहुणा म्हणतो.

आप्पा याच उत्तराची वाट बघत असतात. "शेवाळ न्हवं! अझोला. नेच्याच्या कुळातला. ह्याच्या पानाच्या पोकळीत निळं-हिरवं शेवाळ भाड्यानं ऱ्हातं. ते हवेतला नत्र ओढतं आन भाड्यापोटी ह्याला देतं."

"म्हणजे शेवाळ आहेच की आत."

आप्पा हे ऐकत नाहीत. "वाळवला तर शंभरात वीस ते तीस भाग प्रथिनं! चार-पाच दिवसांत दुप्पट! आन खर्च?" इथं ते थांबतात, पाहुण्याला नीट न्याहाळतात, आणि अंगठ्याला बोट लावून हवेत भोपळा काढतात. "शून्य!"

माझे हे चुलत चुलते वडगाव रासाईचे. गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठी. नदी ओलांडली की दौंड. चहूबाजूंनी ऊस. उसाच्या गावात माणसानं ऊस लावावा, तोडीची वाट बघावी आणि उरलेल्या वेळात रासाईच्या देवळापाशी बसून कारखान्याच्या भावावर बोलावं. एवढं सरळ आयुष्य आप्पांना कधी मानवलं नाही. डिसेंबरात ते मोशीच्या किसान प्रदर्शनाला वारीला जावं तसे जातात आणि कापडी पिशवीभर पत्रकं घेऊन येतात. पत्रकं गादीखाली जातात. त्या गादीखालून आजवर गांडूळखत निघालं, अळिंबी निघाली, ससे निघाले. सशांचा विषय काकींसमोर काढायचा नसतो.

कोंबड्या मात्र घरात आधीपासून होत्या, पण त्या काकींच्या. दहा-बारा गावरान. सकाळी खुराडं उघडलं की उकिरडा, बांध, गोठा फिरून यायच्या आणि उसातला बिबट्या जागा व्हायच्या आत परत. त्यांना काय घालता असं विचारलं तर काकी म्हणायच्या, "त्यांना घालावं लागत न्हाय. त्या घेत्यात." यात आप्पांना व्यवसाय दिसला. त्यांनी गिरिराज जातीची पन्नास पिल्लं आणली. पिल्लं वाढली, गोणीतलं खाद्य दिसेनासं व्हायला लागलं, आणि मका-सोयापेंडीच्या गोणीचं बिल बघून आप्पा बंधाऱ्यावर जाऊन बसले.

समोर नदीभर जलपर्णी पसरलेली. ही बाई मूळची दक्षिण अमेरिकेची, जांभळ्या फुलावर भाळून माणसांनीच जगभर नेली. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सगळं पोटात घेऊन मुळा-मुठा वाळकीच्या संगमावर भीमेला मिळते. त्या खुराकावर जलपर्णी अशी माजते, की उन्हाळ्यात नदीत पाणी आहे हे डासांवरून कळतं. सगळा गाव तिला शिव्या घालतो. त्या संध्याकाळी आप्पा एकटेच तिच्याकडं मायेनं बघत होते. "आपण खाद्य इकत आणतोय," ते घरी येऊन म्हणाले, "आन फुकाटचं खाद्य पंढरपूरला वाहून चाललंय."

दोन गडी, ट्रॅक्टर, ट्रॉली. जलपर्णीचा ढीग अंगणात पडला. पन्नास कोंबड्या त्यावर तुटून पडल्या. "खात्यात! बघ, खात्यात!" आप्पा ओरडले. काकी पदर खोचून जवळ गेल्या. कोंबड्या मुळांत अडकलेल्या गोगलगायी आणि किडे टिपत होत्या. पानाला एकीनंही चोच लावली नव्हती. तिसऱ्या दिवशी ढीग कुजला आणि शेजारी भांडायला आले.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "आप्पा, नदीतली तर अजिबात नको. सांडपाण्यातले जड धातू ती मुळांनी ओढून घेते. आज कोंबडीत, उद्या अंड्यात, परवा तुमच्यात." आणि निघता निघता, आप्पांचा चेहरा बघवेना म्हणून असेल, त्यांनी अझोल्याचं नाव काढलं. त्या चांगल्या माणसाला आपण काय करतोय याची कल्पना नव्हती.

काकी त्याला झोला म्हणतात. गावातली पोरं आप्पांचा झोल म्हणतात. आप्पा तोंडी परीक्षेला बसल्यासारखं कोष्टक म्हणतात: चाळलेली माती पंधरा किलो, शेणकाला दोन किलोचा, सुपर फॉस्फेट तीस ग्रॅम, पाणी चार बोटं, वर किलोभर बियाणं, आठ-दहा दिवसांत हौद भरला की रोज अर्धा किलो काढायचा. दर पाच दिवसांनी पुन्हा किलोभर शेण आणि वीस ग्रॅम फॉस्फेट, दहा दिवसांनी थोडं पाणी बदल, महिन्यानं माती बदल. एवढी निगा आप्पांनी जन्मात कुणाची केली नव्हती. काकींना डेंगी झाला तेव्हा त्यांच्या गोळ्यांच्या वेळा धाकट्या पोरानं सांभाळल्या होत्या.

कोंबड्यांनी पहिले चार दिवस अझोल्याकडं बघितलंही नाही. त्याला शेणाचा वास. आप्पांनी तो तीन पाण्यांनी धुतला. तरी नाही. मग आप्पा खुराड्यासमोर उकिडवे बसले, बोटांची चोच करून टोपल्यात टकटक करायला लागले, आणि तेवढ्यानंही भागेना तेव्हा एक चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली. कोंबड्या माना तिरक्या करून बघत राहिल्या. "चव कशी हाय?" काकींनी दारातून विचारलं. आप्पा बराच वेळ चावत होते. "धुतल्याली," ते म्हणाले. शेवटी मक्याच्या भरड्यात कालवून दिला, तेव्हा भरड्याच्या लोभानं गेला. हळूहळू चटक लागली. आता हौदाकडं नुसतं घमेलं वाजलं तरी कोंबड्या धावतात, हे मी स्वतः पाहिलंय.

हिशेब मात्र वेगळाच निघाला. अझोल्यात शंभरात नव्वदच्या वर भाग पाणीच. प्रथिनांचा तो आकडा खरा, पण वाळवल्यावरचा. म्हणून आप्पांनी दहा किलो अझोला गच्चीवर वाळत घातला. संध्याकाळी किलोभरसुद्धा उरला नाही, आणि जो उरला तो वाऱ्यानं शेजारच्या पापडांवर गेला. शिवाय कोंबडी म्हणजे गाय नव्हे. तिला रवंथाचं पोट नाही, चोथा फार झाला की वजन भरत नाही. डॉक्टरांनी बजावलं, वाळल्या हिशेबानं शंभर भाग खाद्यात पाच, फार तर दहा भाग. बाकी गोणी लागणारच. म्हणजे गोणी सुटली नाही, थोडी लांबली.

आप्पांनी यातून फक्त "लांबली" एवढंच ऐकलं. ते करारावर ब्रॉयलर कोंबड्या वाढवणाऱ्या शेजाऱ्याला पटवायला गेले. तो म्हणाला, "आप्पा, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं. दीड-पावणेदोन किलोत किलोभर वजन बसलं न्हाय तर पैसे कापत्यात. तुमचा चोथा कुठं घालू?" आप्पा परत आले आणि म्हणाले, "त्याला दृष्टी न्हाय."

काकींची एक वही आहे, किराण्याची. तिच्या मागच्या पानांवर झोल्याचं खातं आहे. सिल्पोलिन, शेडनेट, फॉस्फेटची पिशवी, वजनकाटा, ट्रॅक्टरचं डिझेल (हे जलपर्णीचं, पण काकींनी इथंच धरलंय), पडवीसाठी आणलेल्या आणि हौदाला गेलेल्या विटा. मी एकदा ते पान आप्पांपुढं धरलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि शांतपणे म्हणाले, "ह्यो खर्च न्हाय. ही गुंतवणूक. खर्च म्हंजे रोजचा. रोज काय लागतं? माती घरची, शेण घरचं, पाणी हिरीचं."

"आन राबणारी?" आतून आवाज आला. "ती बी घरचीच."

एकदाच मी आप्पांना गप्प पाहिलं. मानमोडीवरची लासोटा लस द्यायची वेळ आली होती आणि आप्पा पुढं ढकलत होते. अझोला खाणाऱ्या कोंबडीच्या अंगातच ताकद असते, असं त्यांचं मत बनलं होतं. काकींनी मात्र आपल्या कोंबड्या डालग्यात कोंबून दवाखान्यात नेल्या आणि एकेकीच्या डोळ्यात थेंब टाकून आणला. पाऊस संपता संपता मानमोडी आली. माना वाकड्या, हिरवी हगवण. आठवड्यात गिरिराजांचं खुराडं निम्म्याहून जास्त रिकामं झालं. डालग्यातल्या गावरान उकिरड्यावर फिरतच होत्या. त्या आठवड्यात मी गेलो तर आप्पांनी आधी चहा दिला. हौदाचं नाव काढलं नाही. काकीही वहीबद्दल बोलल्या नाहीत. आता खुराड्याच्या भिंतीवर कोळशानं लसीच्या तारखा लिहिलेल्या असतात आणि आप्पा गावभर सांगतात, "झोला खाद्य हाय, औषध न्हाय. लस म्हंजे लस." जसं काही हा शोध त्यांचाच.

अंड्याच्या बलकाचा कार्यक्रम मात्र बंद झाला नाही. पाहुणा जेवायला बसला की आप्पा दोन बशा मागवतात. एकीत दुकानातलं अंडं फोडायचं, एकीत घरचं. दुकानातल्याचा बलक फिकट, घरच्याचा झेंडूसारखा. "बघ!" हिरव्या पाल्यातल्या रंगद्रव्यांनी बलक असा होतो हे खरंच आहे. पण एकदा काकींनी मुकाट्यानं तिसरी बशी आणून ठेवली. तिच्यात उकिरड्यावरच्या गावरान कोंबडीचं अंडं. ते सगळ्यांत गडद. आप्पांनी तिन्ही अंडी एकत्र फेटून माझ्यासाठी पोळा करायला सांगितला.

निघताना कुणालाही ते मोकळं सोडत नाहीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी, पाण्यात मूठभर अझोला, वर गाठ. "इरजाण हाय, ने," म्हणतात. दह्याला विरजण नाही म्हणू नये, तसं याला. जावयाला दिलं, बँकेच्या साहेबांना दिलं, मीटर बघायला आलेल्या पोराला दिलं. मी हडपसरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्याकडं कोंबडी सोडा, चिमणीही फिरकत नाही. तरी पिशवी फेकवेना म्हणून गॅलरीतल्या बादलीत ओतली आणि विसरलो. ते वाढतच राहिलं. बायको दर रविवारी अर्धं काढून कुंड्यांत घालते.

मे महिन्यात फोन आला. आप्पांचा आवाज बारीक होता.

"आरं, ती तुझी बादली हाय का आजून?"

"आहे की. का हो?"

"उन्हानं भाजला सगळा. आधी तांबडा पडला, मग विरघळलाच." थोडा वेळ काहीच नाही. "ज्याला ज्याला दिला हुता त्यांस्नी इचारलं. एकानं बी ठेवला न्हाय. चमचाभर तरी आण."

शनिवारी स्टीलच्या डब्यात ओला रुमाल घालून मी विरजण घेऊन निघालो. चौफुल्याला उतरलो, तिथून मिळेल त्या गाडीनं नदी ओलांडली. आप्पा दारातच उभे होते. त्यांनी माझ्या हातातून डबा काढून घेतला, मला ये म्हणायचंही भान राहिलं नाही, आणि तसेच गोठ्यामागं गेले. मी ओट्यावर टेकलो. काकींनी फडताळावरची वही काढली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"येष्टीचं तिकीट किती पडलं रं?"

मी सांगणार तोच शेवग्याखालून हाक आली, "ते नंतर! आधी हिकडं ये."