मॉरिशस, व्हाया भातसानगर

मॉरिशसला जायचं तर लग्न ताजं लागतं, अशी आमच्या भातसानगरच्या वसाहतीत पक्की समजूत. आमच्या तर मुलाचंही लग्न होऊन गेलंय. तरी हॉटेलवाल्यांनी पलंगावर टॉवेलचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसवले होते. सौ.नी ते आधी उलगडले, मग घड्या घालून कपाटात ठेवले.

समुद्राचं पाणी इतकं नितळ की तळ दिसतो. लोक त्यावर खूश. आम्हा धरणाकाठच्यांना तळ दिसला की मे महिना आठवतो. बेटावरचं सर्वांत मोठं धरण मार ओ वाकोआ. तसली तीसेक आमच्या भातसात सहज मावतील. हे मी सौ.ना तीनदा सांगितलं. ‘आणि पाड्यांवर टँकर का येतो, तेही सांगा,’ म्हणाल्या. मी शहाळं मागवलं.

ढोलपुरी मात्र खावी. डाळ वाटून भरलेली मऊ पोळी, म्हणजे गूळ घालायचा राहून गेलेली पुरणपोळी. चारी बाजूंना ऊस डोलतोय आणि हे लोक तिच्यावर मिरचीची चटणी घालतात! रात्री सेगा नाच. ‘रावान’ नावाचं बकऱ्याच्या कातड्याचं वाद्य आधी जाळावर शेकलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. आपल्याकडे डफ असाच तापवतात. पुढे पर्यटकांना ओढून नाचवतात; तेवढ्यापुरता मी चप्पल शोधत होतो.

ड्रायव्हर मराठी निघाला. पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर करारानं आलेले, घरात भाषा क्रिओल, मराठी शाळेत शिकलेली. त्यामुळे आमच्याहून शुद्ध. तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि त्याला आरती शेवटपर्यंत पाठ. आमच्याकडे दुसऱ्या कडव्यानंतर निम्मी मंडळी नुसत्या टाळ्या वाजवतात.

‘आपल्या गावी प्रेक्षणीय काय आहे?’ त्यानं विचारलं.

‘धरण. मुंबईला पाणी तिथूनच जातं.’

‘नौकाविहार?’

‘नाही.’

‘मोठी हॉटेलं?’

‘वडापाव मिळतो.’

‘मग पर्यटक करतात काय?’

‘पावसाळ्यात धरण भरलं की दरवाजे उघडतात. लोक फोटो काढायला धावतात आणि पोलीस त्यांना हुसकावतात.’

त्याला हे फारच आवडलं. माणशी तिकीट किती, विचारू लागला.