एकावन्नाव्या मीटरवरचा वडापाव

नियम स्वच्छ आहे. शाळेच्या फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत चरबी, मीठ आणि साखर यांनी ओथंबलेला पदार्थ शाळकरी मुलांना विकायचा नाही, त्याची जाहिरातही करायची नाही. नियम २०२० साली निघाला, पुढच्या वर्षीच्या जुलैत लागू झाला आणि तेव्हापासून नव्या पिढीचं आरोग्य टेपच्या स्वाधीन आहे.

टेप पी.टी.च्या सरांकडे असते. एरवी ती लांब उडी मोजायला वर्षातून एकदा बाहेर येते. आता ती रस्त्यावर आली. सरांनी फाटकापाशी एक टोक धरलं, शिपायाने दुसरं टोक धरून औषधाच्या दुकानापर्यंत चाल केली, फक्कीची रेघ मारली आणि रेघेच्या अलीकडे पोषण, पलीकडे पाप अशी वाटणी झाली.

वडापावच्या गाडीवरच्या काकांनी नियमाचं मनापासून स्वागत केलं. ते गाडी ढकलत एकावन्नाव्या मीटरवर गेले. तेल तेच, बेसन तेच, पाव त्याच बेकरीतला. पण एकोणपन्नासाव्या मीटरवर हा वडा पिढी बरबाद करत होता, एकावन्नाव्या मीटरवर तो स्वयंरोजगार झाला. शिवाय मुलांना व्यायाम मिळाला. मैदानाला एक फेरी मारा म्हटलं की ज्या नववी ‘ब’च्या पायात गोळे येतात, तीच नववी ‘ब’ मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत १०० मीटर जाऊन-येऊन करते, वर रांगेत उभी राहते, आणि परतताना तिचे दोन्ही हात चटणीने भरलेले असतात. लांब उडी तर कुणी मोजतच नाही, कारण टेप रस्त्यावर आहे.

तंबाखूचा कायदा याहून जुना, २००३ सालचा. त्यात शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांची मनाई आहे. एका नियमाचं माप यार्डांत का आणि दुसऱ्याचं मीटरांत का, हे विचारायचं नाही. यार्डात मोजलं की कायदा भारदस्त वाटतो. १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. म्हणजे शून्य ते ५० मीटर सात्त्विक, ५० ते ९१ राजस, आणि ९१च्या पुढे तामस. आहाराचे हे तीन प्रकार गीतेच्या सतराव्या अध्यायात सांगितलेलेच आहेत, फक्त तिथे मीटर द्यायचे राहून गेले होते. ती उणीव आपण भरून काढली. आता एखादा मुलगा किती बिघडला आहे हे त्याच्या प्रगतिपुस्तकात बघायची गरज नाही. मधल्या सुट्टीत तो फाटकापासून किती लांब सापडला, तेवढं लिहावं.

खरी पंचाईत पेठेत होते. इथे दर पन्नास पावलांवर कुणीतरी कुणालातरी शिकवत असतं. समजा, मराठी माध्यमाच्या शाळेचं फाटक इकडे, इंग्रजी माध्यमाचं तिकडे, आणि दोहोंत अंतर ८० मीटर. प्रत्येक फाटकाभोवती ५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. वर्तुळं एकमेकांना छेदतात. तर गाडी अशा जागी उभी करा की ती दोन्ही वर्तुळांच्या बाहेर राहील आणि दोन्ही माध्यमांच्या मुलांना सारखीच जवळ पडेल. दहावीच्या गणित भाग २ मध्ये हा प्रश्न चार गुणांना घालता येईल. दोन फाटकं जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक काढायचा, त्यावर ३० मीटरहून थोडं जास्त सरकायचं, की आलं उत्तर. काकांनी शाळा सातवीत सोडली. उत्तर त्यांनी पायांनी काढलं. तिथे एक बोळ आहे, बोळात सावली आहे, आणि तिथेच गाडी उभी आहे. मुख्याध्यापकांनी हरकत घेतली तेव्हा मूळ मुद्दा निघाला की मोजायचं कुठल्या फाटकापासून? पुढचं फाटक पाहुण्यांसाठी, ते वर्षातून दोनदा उघडतं. मुलं मागच्या फाटकाने येतात, पण कागदोपत्री मागचं फाटक नाहीच. तिथे भिंत आहे. भिंतीपासून मोजायची तरतूद नियमात नाही. मग त्या भिंतीतून रोज हजारभर मुलं बाहेर पडतात आणि समोरच्या गाडीवर दाबेली खातात. त्याच वेळी पाठीवर हातभर बर्गरचं चित्र असलेली बस पुढच्या फाटकासमोर सिग्नलला थांबते. ती जाहिरात धरायची की वाहतूक, यावर शिक्षक-पालक संघात एक पूर्ण सभा झाली. तोवर सिग्नल सुटला होता.

असे आदेश आम्ही आधीही पाहिले आहेत. २०१७ साली राज्यातल्या शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, थंड पेयं हद्दपार करायचं ठरलं. त्याऐवजी सकस पदार्थ ठेवा, असं सांगितलं होतं. एका शाळेने यातला पहिला भाग तंतोतंत पाळला आणि दुसऱ्याच्या भानगडीत न पडता उपाहारगृहच बंद केलं. तिथे आता झेरॉक्सचं मशीन आहे. त्यात चरबी नाही, मीठ नाही, साखर नाही.

हे सगळं सकाळचं. संध्याकाळी साडेआठला हीच नववी ‘ब’ आपापल्या घरी सोफ्यावर पसरलेली असते. फाटक दीड-दोन किलोमीटर दूर. तिथवर नियम पोचत नाही. दुचाकीवरचा मुलगा पोचतो. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत असतात आणि बाहेर वाटाघाटी.

“आई, काय आहे जेवायला?”

“दोडका.”

“अजून?”

“दोडक्याच्या शिरांची चटणी.”

यानंतर चिरंजीव बोलत नाहीत. फक्त उजव्या हाताचा अंगठा हलतो. थोड्या वेळाने इंटरकॉम वाजतो, वॉचमन विचारतो, पाठवू का वर? आणि चीज, मेयोनीज, शेजवान सॉस असा त्रिवेणी संगम खोक्यातून दाराशी येतो. खोक्यावर लिहिलेलं असतं ‘हँडक्राफ्टेड’. आत स्वयंपाकघरात जिने स्वतःच्या हातांनी दोडक्याच्या शिरा काढल्या, त्या वाया जाऊ नयेत म्हणून तीळ घालून कुरकुरीत परतल्या, तिला आजवर असं सर्टिफिकेट कुणी दिलेलं नाही.

मात्र घरचं ते सगळं सकस, असं म्हणणाऱ्यांनीही जरा जपून. माणसाला दिवसाला ५ ग्रॅम मीठ पुरतं, म्हणजे सपाट चमचाभर. आपल्या पानाची नुसती डावी बाजू बघा. मीठ, लोणचं, चटणी, पापड, दहीभाताबरोबर तळलेली सांडगी मिरची. उजवीकडे भाजी वाढायच्या आत दिवसाचा हिशेब संपत आलेला असतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर दाण्याची आमटी, आणि हे सगळं पोटाला विश्रांती म्हणून. पी.टी.च्या सरांनी उद्या टेप घेऊन आपल्या फडताळापासून मोजायला सुरुवात केली, तर दिवाळीत चकलीच्या डब्यासकट आपल्याला ५० मीटर लांब राहायला जावं लागेल. तळण कुठेही झालं तरी ते तळणच. वडा काकांनी तळला की चरबी आणि आजीने तळला की संस्कार, हे मुलांनाही पटत नाही. ती चौदा वर्षांची आहेत, खुळी नाहीत.

मग यात बाबा येतात. बाबा अशा वेळी नेहमी येतात. ते टीव्हीसमोरून मान न वळवता म्हणतात, “पानात पडेल ते खायची सवयच नाही या मुलांना. आमच्या वेळी असं नव्हतं.” त्यांच्या वेळी कसं होतं, ते त्यांच्या आईला विचारा. त्यांच्या पानात काय पडणार हे त्या माउलीने जन्मभर त्यांना विचारून ठरवलं. त्यांना पडवळ चालत नव्हतं, म्हणून त्या घरात पडवळ शिजलं नाही. कारलं त्यांना कडू लागे, भोपळा गोड लागे, गवार घशात अडके. लग्न झालं तेव्हा ही यादी हुंड्यासारखी सुनेच्या ओटीत पडली. आज तेच गृहस्थ मुलाला दोडक्याचं महत्त्व सांगतात, आणि सांगताना आपल्या वाटीतला दोडका हळूच पातेल्यात परत टाकतात. मुलगा बघत असतो. आहाराविषयी तो जे काही शिकायचं ते त्या क्षणी शिकतो.

आता थट्टा पुरे. मला या बाबांचा राग येतो. ज्याने आयुष्यात लसणाची पाकळी सोललेली नाही, ज्याला मिसळणाच्या डब्यात हळद कुठल्या वाटीत असते ते ठाऊक नाही, घरात किसणी आहे हे ज्याला बोट कापल्यावर कळतं, तो माणूस सकाळी सहा वाजता कुटुंबाच्या ग्रुपवर ‘स्वयंपाकघर हेच खरं औषधालय’ असा संदेश टाकतो. त्या वेळी त्या औषधालयात त्याची बायको एका हाताने पोळ्या लाटत, दुसऱ्या हाताने डबे भरत असते, कारण तिला आठची बस गाठायची आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. ज्वारी, बाजरी, नाचणीवर गावोगाव व्याख्यानं झाली. मी ऐकली त्यांतल्या एकाही वक्त्याला भाकरी थापता येत नव्हती. पिठाला उकड कशी काढायची, भाकरीला पाणी कधी फिरवायचं, ती फुगली नाही तर कुणाला बोलणी खावी लागतात, यावर एक अक्षर नाही. लोह किती, तंतू किती, एवढंच. सकस अन्न हे कुणीतरी करावं लागतं, आणि तो कुणीतरी कायम एकच असतो, हे सोडून बाकी सगळं त्या व्याख्यानांत होतं. मुलाने पिझ्झा मागवला की नातेवाईक त्या पोराला काही बोलत नाहीत. म्हणतात, “आईला वेळ नाही ना हल्ली.” बाबांना वेळ आहे की नाही, याची चौकशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

आणि मुलाला तरी वेळ कुठे आहे? शाळा सुटते साडेबाराला. दीडला क्लास. इयत्ता नववीत बारावीनंतरच्या परीक्षेचा पाया घालणारा, म्हणून त्याचं नाव फाउंडेशन. तिथून साडेचारला सुटून पाचला दुसरा क्लास, तो आठपर्यंत. यात जेवण कुठे बसतं? दोन क्लासांच्या मधल्या जिन्यात. क्लास बँकेच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. त्याला डबा खायची खोली नाही, हात धुवायला बेसिन नाही, फाटक तर नाहीच. जिना उतरलं की शून्य मीटरवर मोमो, एक मीटरवर फ्रँकी, दोन मीटरवर मंचुरियन, आणि पुढे गल्लीच्या टोकापर्यंत सगळं लालभडक. त्या वेळी आई हिंजवडीच्या वाहतुकीत अडकलेली आहे, बाबाही तिथेच आहेत, आणि सकाळी सहाला भरलेला पोळीभाजीचा डबा दप्तराच्या तळाशी संध्याकाळची वाट बघत आंबतो आहे. मुलगा खाली उतरतो, साठ रुपयांत पोट भरतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला हजर होतो. त्याने दुसरं काय करावं अशी आपली अपेक्षा आहे? वाटीभर मोड आलेली मटकी खिशात ठेवावी?

पण क्लासभोवती टेप धरायला कुणी जात नाही. नियमात शाळा लिहिलं आहे, आणि क्लास म्हणजे शाळा नव्हे. मूल शाळेत साडेपाच तास असतं तेव्हा त्याच्या रक्तवाहिन्यांची काळजी घ्यायची. क्लासात सहा तास असतं तेव्हा त्याच्या रँकची. गाडी ढकलता येते म्हणून आपण ती ढकलली. वेळापत्रक ढकलता आलं नसतं.

खरं तर मीटरांचा नियम रद्द करून तासांचा काढायला हवा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी सातनंतर कुठेही, कुणीही, काहीही शिकवू नये. त्या वेळी त्याने घरी असावं, कणीक मळावी, कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात, भाजी करपवावी आणि करपलेली खावी. शेजारी उभं राहून बाबांनी लसूण सोलावा. महिन्याभरात दोघांनाही दोडका गोड लागेल, कारण तो आपण केलेला असेल. याला खर्च नाही, जाहिरात नाही, टेप नाही.

असा नियम निघणार नाही. सातनंतरच्या बॅचची पूर्ण वर्षाची फी आपण एप्रिलमध्येच भरली आहे, एकरकमी, दहा टक्के सवलतीत, आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलं आहे की ती कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.