पेण-रोह्याचे प्रवासवर्णन कसे लिहावे

परक्या गावात उतरल्यावर पहिल्या दोन तासांत जे मत बनते, ते जपावे. मुक्काम लांबला की ते नासते. लंडनला आठ दिवस राहिलेली माणसे इंग्रजांच्या स्वभावावर पुस्तक लिहितात, तीस वर्षे राहिलेली गप्प असतात. दादरच्या माणसाला परदेश पनवेलनंतर लागतो. तेव्हा तिकीट पेण-रोह्याचे चालेल, तयारी मात्र युरोपची हवी.

मत शक्यतो वाटेतच बनवावे. रस्त्याने आलात तर वडखळ नाक्यावर त्यासाठी निवांत वेळ मिळतो. तिथे घड्याळ मात्र बघू नये. महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झालेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तुमच्या पाऊण तासाचे कौतुक नसते.

पेणला मिनीडोरमध्ये बसावे. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरल्यावर आणखी दोघे बसतात. याची नोंद ‘स्थानिकांची काळाविषयीची दृष्टी’ अशा भारदस्त मथळ्याखाली करावी. एवढ्यात शेजारच्या मावशी विचारतील, “कोणाकडे आलात?” हे इथले इमिग्रेशन. “कोणाकडे नाही, असाच फिरायला” म्हणालात की मावशी मांडीवरची पिशवी खाली ठेवतात आणि आडनावापासून आजोळापर्यंत फेरतपासणी सुरू होते. म्हणून वडिलांचा एखादा मामेभाऊ आधीच शोधून ठेवावा. नागोठण्याचा असला तरी चालतो.

पुढे हमरापूर-जोह्याला जावे. भर मे महिन्यात ओट्यावर, माळ्यावर, पडवीत पांढरेफटक गणपती ओळीने बसलेले दिसतील, अजून डोळे न आलेले. इथे भक्तिभावाने गहिवरायची घाई नको. आधी आखणी करणाऱ्याकडे बघावे. बारीक ब्रश, रोखलेला श्वास, आणि बाजूला मोबाइलवर क्रिकेटचा सामना. एक डोळा उघडतो, दुसरा ओव्हर संपेपर्यंत थांबतो. यातले काही बाप्पा सणाच्या कितीतरी आधी बोटीने अमेरिकेला निघतात. तुमचे प्रवासवर्णन दिवाळी अंकात येईपर्यंत ते न्यू जर्सीत दीड दिवस राहून विसर्जितही झालेले असतात, आणि न्यू जर्सीबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

पोहे आणि पोह्याचे पापड घ्यावेत. त्याशिवाय पेणला जाऊन आलात हे घरचे मानणार नाहीत.

रोहा स्टेशनात मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. इतर देशांत अशा ठिकाणी शिक्का मारतात. इथे कोणी मान वर करून बघतही नाही. गावात कुंडलिकेच्या पुलावर उभे राहिलात की ‘कोकणातली निर्मळ नदी’ असे लिहावेसे वाटेल. जरा थांबा. १९२७ पासून मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरातून याच नदीत उतरते, आणि कोलाडचे राफ्टिंगही त्याच्याच जिवावर चालते. म्हणजे ज्या कोकणी पाण्याने तुम्ही मुग्ध झालात, ते बरेचसे पुणे जिल्ह्याचे. सोबत पुणेकर असेल तर त्याला हे मुळीच सांगू नये.

दसऱ्याच्या सुमारास गेलात तर ग्रामदैवत धावीर महाराजांना पोलीस सशस्त्र मानवंदना देताना दिसतील. “देवाला कसली सलामी?” असे विचारायचा मोह होईल. तो आवरावा, निदान बकिंगहॅम राजवाड्यापुढे पहारेकऱ्यांची अदलाबदल बघायला ज्यांनी टाचा उंचावल्या आहेत त्यांनी तरी. शिवाय पालखी गावभर फिरते, आणि ज्याला प्रश्न विचाराल त्याच्याच दारात थोड्या वेळाने ती येणार असते.

थंडीत पोपटीचे बोलावणे आले तर वही घरी ठेवून जावे. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा आणि अंडी. मडके उपडे, भोवती जाळ. शेंगा सोलताना बोटे काळी होतात, मत लिहायला हात मोकळा राहत नाही.

परतीच्या दिवा गाडीत मात्र तोंड बंद ठेवावे. शेजारी बसलेला गृहस्थ हमखास रोह्याचा असतो, आणि दिवा यायला बराच अवकाश असतो.