पाळणा निवडावा कसा : बारामती-इंदापूर आवृत्ती

ही मार्गदर्शिका पहिलटकर बापासाठी आहे. आईसाठी नाही, तिला सल्ले द्यायला अख्खं गाव बसलेलं असतं. बापाच्या वाट्याला एकच काम येतं, खरेदी. आणि तीही चुकली हे ऐकून घेण्याचं.

खरेदी करायची आहे ती आईच्या पलंगाला लावून ठेवायच्या पाळण्याची. दुकानदार त्याला 'बेडसाइड क्रिब' म्हणतो. तीन बाजूंना उंच जाळी, चौथी बाजू खाली सरकते, आणि हा सगळा सांगाडा पट्ट्यांनी पलंगाला जखडायचा. रात्री बाळ कुरकुरलं की आईने नुसता हात लांबवायचा, जवळ घेऊन पाजायचं आणि परत ठेवायचं. बाळ तिच्या हाताशी, पण तिच्या गादीवर नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 साली हेच सांगितलं : आईच्याच खोलीत, पण वेगळ्या बिछान्यावर, निदान पहिले सहा महिने. आपल्याकडे पहिला भाग सगळ्यांना आधीपासून मान्य आहे. दुसरा भाग घरात बोलून दाखवाल तेव्हा शेजारी कोणी तरी खंबीर माणूस असू द्या.

पायरी पहिली : तालुका ठरवा

रंग, कंपनी, किंमत हे नंतर. आधी हे ठरवा की पाळणा कुठल्या तालुक्यात लागणार आहे. समजा तुमचा फ्लॅट बारामतीत भिगवण रस्त्याला आहे आणि सासुरवाडी निमगाव केतकीत, इंदापूर तालुक्यात. पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना तर हलायचंच नाही, आणि प्रत्यक्षात तीन महिने कसे जातात ते कळत नाही. आता हिशेब मांडा. बाळ कुशीवर वळू लागलं, हातापायांवर उठू पाहू लागलं की या पाळण्याचं आयुष्य संपतं, म्हणजे पाच-सहा महिने. त्यातले निम्मे दिवस बाळ निमगावच्या माडीवर आणि तुमचा आठ-दहा हजारांचा पाळणा बारामतीत, वर इस्त्रीचे कपडे ठेवून.

तेव्हा सुटा होऊन पुन्हा जोडता येणारा पाळणाच घ्या. जून-जुलैत नेणार असाल तर पालखीच्या तारखा पाहून निघा. बारामती-इंदापूर हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्यांचं. त्या दिवशी तुमच्या छोट्या हत्तीला वाट मिळणार नाही, आणि 'आत पाळणा आहे' असं सांगून उपयोग होणार नाही. वारकरी 'माउली, बसा' म्हणून चहा देतील, एवढंच.

पाळणा जोडण्याचं काम मेहुण्याला द्यावं लागतं. तो मागून घेतोच. "द्या इकडं दाजी, आमच्या तालुक्यात राकेटचं भाग बनत्यात." खोटं नाही. वालचंदनगर इंदापूर तालुक्यातच आहे आणि तिथल्या कारखान्याने इस्रोच्या रॉकेटांसाठी भाग दिलेले आहेत. पण रॉकेट जोडताना तिथे कोणी सूचनापत्रिका खिडकीतून भिरकावत नाही. जोडून झाल्यावर दोन स्क्रू हातात उरले आणि मेहुणा "ते जादाचं असत्यात" म्हणाला, तर चहा पाजा आणि पाळणा पहिल्यापासून उलगडा.

पायरी दुसरी : मामाचा मान

पाळणा मामाने आणायचा असतो. तुम्ही परस्पर आणला तर निमगावात त्याचा अर्थ एकच निघतो : "आमाला पाळणा झेपत न्हाई असं वाटलं व्हय पाव्हण्यास्नी?" यातून सुटण्याचा मार्ग सरळ आहे. पाळणे दोन होऊ द्या. मामाचा लाकडी, कड्यांना टांगलेला, फुलं-फुगे लावलेला पाळणा सोप्यात. तुमचा जाळीचा बाळंतिणीच्या खोलीत. या दुसऱ्याला घरात कोणी पाळणा म्हणणार नाही. पिंजरा म्हणतील. म्हणू द्या.

काही घरांत तिसरा उमेदवार निघतो. माळ्यावरून उतरवलेला पणजोबांच्या काळचा सागवानी पाळणा. "तुमचं आजोबा ह्याच्यातच वाढलं." अगदी खरं, जे वाढले नाहीत ते सांगायला येत नाहीत. या पाळण्याच्या दोन गजांमधून शीतपेयाचा डबा घालून पाहा. डबा पार गेला तर बाळाचं अंगही सरकू शकतं आणि डोकं अडकू शकतं. गजांतलं अंतर 6 सेंटिमीटरच्या आतच हवं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि दात येऊ घातलेलं बाळ पहिला चावा पाळण्यालाच घेतं. तो सागवान सोप्यात शोभेला उत्तम.

पायरी तिसरी : दुकानात

विक्रेता आधी गाणं वाजवून दाखवेल. मग दिवा लावेल, मग चाकं फिरवेल. तुम्ही गादी दाबा. तळव्याने दाबल्यावर खड्डा राहिला की पुढच्या पाळण्याकडे वळा. बाळाची गादी आपल्याला झोपायला नको वाटेल इतकी कडक आणि सपाट असावी. "बाळाला टोचेल की हो" असं शेजारची गिऱ्हाईक बाई म्हणेल. टोचत नाही. मऊ गादीत मात्र बाळाचं नाक-तोंड रुतू शकतं, आणि पहिले काही महिने त्याला मान वळवून ते सोडवता येत नाही. गादी आणि जाळी यांच्यामध्ये दोन बोटं शिरली तरी गादी लहान पडली असं समजा.

'दूध उलटत नाही' म्हणून डोक्याकडची बाजू उचललेला पाळणा दाखवतील. नको म्हणा. कललेल्या जागी बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. 2019 साली अमेरिकेत एका नावाजलेल्या कंपनीला असे कललेले पाळणे परत मागवावे लागले, सुमारे 47 लाख नग, आणि तेही बाळं दगावल्यानंतर. सरकत्या बाजूची कडी दहा वेळा उघडा, दहा वेळा लावा. विक्रेता कंटाळला तर अकराव्यांदा. चाकांना कुलूप आहे ना, ते पाहा. गाण्याचं काय ते घरी आज्जी बघेल.

आणि पलंगाची उंची मोजून न्या. तुमच्या नव्हे, सासुरवाडीच्या. इथे बहुतेक बाप घसरतात. तिथे बाळंतिणीला बाज दिलेली असते. शेक-शेगडीला सोयीची म्हणून बाज, आणि बाज म्हणजे मधोमध झोळ, कडेला उंच लाकूड. तिला हा पाळणा एका पातळीत कधीच लागत नाही. मध्ये फट राहते. ती फट दुपट्याने किंवा उशीने बुजवण्याची कल्पना घरात निदान तिघांना एकदम सुचेल. बुजवू नका, बाळ अडकतं ते अशाच जागी. सरळ चौथी बाजू वर करून कडी लावा आणि पाळणा बाजेशेजारी सुटा उभा करा. आईला उठून बसावं लागेल, पण बाळ हाताच्या अंतरावरच राहील.

पायरी चौथी : पाळणा रिकामा ठेवा

खरी कसोटी इथे आहे, आणि ती दुकानात नव्हे तर बाराव्या दिवशी लागते.

नियम एका ओळीचा आहे. पाळण्यात चादर ताणून बसवलेली गादी आणि पाठीवर झोपलेलं बाळ, तिसरं काही नाही. अमेरिकेत 1994 पासून बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण पुढे निम्म्यावर आलं. या नियमाला पैसा लागत नाही. नातेवाईक लागतात, ऐकणारे.

बारशाला सुरुवातच वरवंट्याने होते. बऱ्याच घरांत बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची-झबलं घालून पाळण्यात निजवतात. होऊ द्या; घरच्या घरी भारचाचणी झाली. बाळ ठेवण्याआधी वरवंटा बाहेर आला ना, तेवढं पाहा. आत्या कानात नाव सांगेल, पाठीत धपाटे खाईल, आणि मग पिशव्या उघडतील.

सासूबाईंनी मोहरीची उशी शिवलेली असते, डोकं गोल व्हावं म्हणून. बाळाचं डोकं उशीने गोल होत नाही. जागेपणी, कोणाचं तरी लक्ष असताना रोज थोडा वेळ पालथं ठेवलं, निजवताना मानेची बाजू बदलत राहिलं की चपटेपणा बहुधा आपोआप जातो. मावशीने दोन्ही बाजूंना लावायला चिमुकले लोड आणलेत. चुलतीने जुन्या लुगड्यांची गोधडी शिवलीय, पंधरा रात्री जागून, आणि ती खरोखर सुंदर आहे. आज्जी उशाखाली अडकित्ता ठेवणार, लोखंड जवळ असावं म्हणून. कोणी गळ्यात काळा दोरा बांधणार, कोणी त्यात वाघनख ओवणार, कोणी ते सेफ्टी पिनेने झबल्याला टोचणार. आत्याने पुण्याहून बाळापेक्षा मोठा ससा आणलाय.

इथे 'डॉक्टरांनी नाही सांगितलंय' हे वाक्य एकदाच चालतं. दुसऱ्यांदा वापरलंत की "डाक्टरला किती पोरं हायेत?" असा प्रश्न येतो. म्हणून तर मामाचा पाळणा सोप्यात ठेवलाय. उशी, लोड, गोधडी, ससा सगळं त्यात मांडा, फोटो काढा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवा. गोधडीवर दिवसा बाळाला सगळ्यांसमोर लोळवा. अडकित्ता पलंगाखाली, फरशीवर. लोखंड तिथूनही काम करत असेल तर करेल. दोरा गळ्यात नको, गळ्यातला दोरा फासासारखा आवळू शकतो. पिनेचा तर विचारही नको. चिमणाळं टांगायला हरकत नाही, पण बाळाचा हात पोचणार नाही इतकं वर, आणि बाळ हात मारू लागलं की काढून टाका. रिकामा पाळणा हलवू नये असं आज्जी म्हणतेच, तेव्हा सोप्यातल्या पाळण्याला कोणी धक्का लावणार नाही.

पायरी पाचवी : खोली

पाळणा उत्तम आणि खोली धुराने भरलेली, असं फार घरांत दिसतं. आंघोळीनंतर वावडिंग-ओव्याची धुरी, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, दार-खिडकी लावून. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो आईला आणि बाळाला दोघांनाही घेऊन जाऊ शकतो. शेक घ्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीचा घ्या. हे गमतीने सांगायचं वाक्य नाही.

उन्हाचंही तेच. इंदापूरला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बाळ कुंची, मोजे, दुपटं अशा थंडीच्या साजात असतं. मानेमागे हात लावून पाहा. घाम असला तर एक कपडा उतरवा. डासांसाठी मच्छरदाणी हवीच, उसाला लागून घर असेल तर दिवसाही. पण ती ताणून बांधलेली, पाळण्यात लोंबणारी नव्हे.

पक्क्या खोलीची ही गोष्ट झाली. नोव्हेंबरात माळेगावची, सोमेश्वरची, भवानीनगरच्या छत्रपतीची धुराडी पेटली की बीडकडून, अहिल्यानगरकडून तोडकरी येतात. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याबरोबर येणारं तान्हं कुठल्याच हिशेबात नाही. त्याचा पाळणा म्हणजे बाभळीला नाही तर बैलगाडीच्या जुवाला बांधलेली लुगड्याची झोळी. या मार्गदर्शिकेतला जवळपास प्रत्येक नियम ती मोडते : सपाट नाही, कडक नाही, बाळ तिच्यात दुमडतं. पण खाली पाचटात साप-विंचू आहेत, बैलांचे खूर आहेत, ट्रॅक्टरची चाकं आहेत. अशा जागी झोळी बांधणाऱ्या बाईला गादीचा कडकपणा समजावणारा माणूस मूर्खच म्हणायला हवा. झोळी तिच्या नजरेच्या टप्प्यात असावी, बाळाचं तोंड उघडं दिसावं, त्यावर पदर टाकू नये आणि हनुवटी छातीवर आली तर मान सरळ करावी, एवढं सांगता येतं. त्यापुढचं सांगायचं ते तिला नाही, कारखान्याला : फडाजवळ सावलीतलं पाळणाघर द्या.

पायरी सहावी : मुदत

बाळ हातापायांवर उठू पाहू लागलं की पाळणा बंद. वजनाची मर्यादा पत्रकावर असते, पण बाळ पत्रक वाचत नाही. ते आधीच उठलं तर आधीच बंद. "आणखी दोन महिने काढील की" हे वाक्य उसाच्या खोडव्याला ठीक आहे.

मग तो पाळणा चुलतभावाकडे जाईल, तिथून काटेवाडीच्या मावसबहिणीकडे, तिथून कुठे ते सांगता येत नाही. देताना सूचनापत्रिका, पट्टे आणि नटबोल्टांची पिशवी सोबत द्या. पट्टे हरवले असतील तर पलंगाला न जोडता, चारही बाजू वर करूनच वापरा असं स्पष्ट सांगा. आणि कडी तुटली असेल तर पाळणा कोणालाच देऊ नका, भंगारात घाला.