शेत माझं, सुधारणा परस्पर

झोपण्यापूर्वी गॅसचा कॉक बायको बंद करते आणि इंटरनेटची वायर मी उपसतो. दोन्हीमागे हेतू एकच, घराची सुरक्षा, असं मी म्हणतो. तिला ते पटत नाही. गॅस गळला तर माणसं जातात, इंटरनेट चालू राहिलं तर रात्रीत अपडेट येऊन माझ्या ज्वारीचा गहू होतो. यातलं जास्त गंभीर काय, हे ज्यानं त्यानं ठरवावं. सोलापूरकराला विचारायची गरज नाही.

ही ज्वारी स्टारड्यू व्हॅलीतली. एरिक बॅरोन या माणसानं चित्रं, संगीत, संवाद सगळं एकट्यानं चार-साडेचार वर्षं खपून केलं आणि फेब्रुवारी 2016 मध्ये हा गेम विकायला काढला. आजोबांनी मागे ठेवलेल्या पडीक रानात जायचं, दगड वेचायचे, पेरायचं, पाणी घालायचं, रात्री झोपायचं. झोपलं की सेव्ह होतं, त्याआधी नाही. भर दुपारी लाईट गेली की त्या दिवसाची सगळी मेहनत मातीत. म्हणजे शेती अगदी अस्सल. आणि पाणी रोज! आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेही घरातले सगळे गाढ झोपल्यावर. भवानी पेठेत बसून रोज सकाळी झारीनं वाफेच्या वाफे भिजवण्यात जी श्रीमंती आहे, ती बाहेरगावच्या खेळाडूला कळायची नाही.

या वयात मी ‘गेम खेळतो’ असं कुणाला सांगत नाही. ‘मॉडिंग करतो’ असं सांगतो. त्यात संशोधनाचा वास येतो. पतसंस्थेत ठेवींच्या नोंदी लिहिणाऱ्या माणसाला एवढा वास पुरतो. बोळातली पोरं मला ‘हॅकरकाका’ म्हणतात. हा किताब एका पोराला चॉकलेट देऊन मीच चालू केला, पण आता तो विनामूल्य चालतो.

तर मॉड, म्हणजे गेममध्ये आपण घरी केलेला बदल. या खेळात ज्वारी नाही, गहू आहे. हे माझ्यानं सहन होईना. ‘स्मॅपी’ नावाचं एक मोफत साधन गेमबरोबर चालवायचं, त्यात ‘कंटेंट पॅचर’ बसवायचा, म्हणजे गेमनं गव्हाचं चित्र मागितलं की त्याच्या हातात आपलं चित्र ठेवता येतं. मूळ फाईलला धक्का लागत नाही. खेळ अधिकृतपणे बारा भाषांत आहे, पण देवनागरी त्यात नाही, म्हणून ‘ज्वारी’ हे नाव रोमन अक्षरांत लिहावं लागलं. गहू तिथे चार दिवसांत पिकतो आणि विळ्यानं कापताना कधीमधी सोबत वैरणही देतो. ते वाचलं आणि मी खुर्चीतून उठलो. हा कडबाच की! बॅरोनला ज्वारीच करायची होती, बिचाऱ्याला सोलापूर माहीत नव्हतं.

अडचण एकच, मला चित्र काढता येत नाही. गेममधल्या वस्तूचं चित्र म्हणजे सोळा बाय सोळा चौकोन, 256 ठिपक्यांचा कारभार. माझं पहिलं कणीस बघून बायको म्हणाली, “अहो, ही फुलकोबी कुणासाठी?” तिचं माहेर मंगळवेढ्याचं. मालदांडी ज्वारीच्या गावची मुलगी करून घेतल्यावर असले अपमान हुंड्यात येतात.

मग मी शेजारच्या मामांकडे गेलो. नात्यानं ते कुणाचेच मामा नाहीत, म्हणून साऱ्या बोळाचे आहेत. घरात तेलुगू, दारात मराठी, भांडणात कानडी. उभी हयात चादरीच्या कारखान्यात गेली. डिझाईन ग्राफच्या कागदावर चौकोन चौकोन भरून उतरवायचं आणि त्यावरून जेकार्डची कार्डं पंच करायची, हे त्यांचं काम. मी सोळा बाय सोळा म्हटल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

“सोळा? ह्यात काय बसवू? रुमालबी मोठा असतो की बे.”

इथे मला थोडं जेकार्डबद्दल बोलू द्या. विषय अपडेटचा आहे हे माझ्या लक्षात आहे, पण भवानी पेठेत राहून हे न सांगणं म्हणजे पाप आहे.

सोलापुरी चादरीवर जो मोर दिसतो तो छापलेला नसतो, विणलेला असतो. पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक असलं की त्या जागचा हूक वर जातो आणि ताण्याचा धागा उचलतो. भोक नसलं की धागा खाली राहतो. धोटा मधून निघून जातो. एका कार्डानं एक ओळ, पुढच्या कार्डानं पुढची, अशी दोऱ्यानं गुंफलेली कार्डांची माळ मागाच्या डोक्यावर फिरत राहते. फ्रान्सात ल्यों शहरी जोसेफ मारी जेकार्डनं 1804 च्या सुमारास ही युक्ती बसवली. त्याचंच चित्र पुढे कुणीतरी रेशमात विणलं, त्याला चोवीस हजार कार्डं लागली. लंडनच्या चार्ल्स बॅबेजनं ते विणलेलं चित्र घरात लावलं होतं, आणि आपल्या गणिती यंत्राला आज्ञा द्यायला त्यानं हीच भोकांची कार्डं योजली. ते यंत्र पुरं झालं नाही. पण 1890 मध्ये अमेरिकेची जनगणना हर्मन हॉलरिथनं भोकाच्या कार्डांवरच मोजून दिली, आणि त्यानंतर कित्येक दशकं कॉम्प्युटर कार्डंच खात होते. भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. म्हणजे ज्याला जग आज सॉफ्टवेअर म्हणतं, ते आमच्या बोळात पायजमा घालून, तोंडात तंबाखू धरून, ठोकळ्यावर ठोकून तयार होत होतं. सिलिकॉन व्हॅली ही भवानी पेठेची धाकटी पाती आहे. हा सिद्धांत मी पतसंस्थेत मांडला तेव्हा आमच्या शिपायानं विचारलं, “मग पगार तिकडं जास्त का?” सिद्धांतात एवढी त्रुटी आहे.

मामांनी पेन्सिल घेतली. बायको मोढ्यावर बसून देखरेख करू लागली. “पोटरीतली ज्वारी अशी फुगीर दिसते मामा, निसवल्यावर वेगळी, हुरड्याला आल्यावर आणखी वेगळी.” मामा म्हणाले, “ताई, माझ्याकडं चौकोन किती हायत ते बघा आधी.” गव्हाच्या वाढीच्या प्रत्येक पायरीला एक चित्र लागतं, ते सगळे टप्पे दोघांनी भांडून ठरवले. शेवटच्या कणसात मामांनी दाण्यांच्या दोन ओळींत एक गडद चौकोन सोडला आणि कणीस कागदावरून उठून उभं राहिलं. माझं काम चौकोन मोजून ते कॉम्प्युटरवर उतरवणं. प्रत्येक मॉडसोबत एक मॅनिफेस्ट फाईल द्यावी लागते, तिच्यात ‘ऑथर’ असा रकाना असतो. तिथे मी नाव घातलं. माझं. रकाना लहान होता.

एवढं वैभव उभं राहिल्यावर त्याला चोराचं भय आलंच. हा चोर घेऊन जात नाही, आणून देतो. रात्री तुम्ही घोरत असताना गेमच्या दुकानाचं ॲप गुपचूप नवी आवृत्ती उतरवून घेतं. जुनी स्मॅपी नव्या गेमशी जुळत नाही, ज्या मॉडांचे कर्ते आता संसाराला लागलेत ती उघडतच नाहीत, त्यांच्या वस्तूंच्या जागी ‘एरर आयटम’ येतो, आणि ज्वारीचा पुन्हा गहू. वर त्या रात्री नव्या आवृत्तीत एकदा झोपलात की ती सेव्ह परत जुनीत उघडेल याची हमी कुणी देत नाही.

मी उगाच घाबरतो असं समजू नका. ‘फॉलआउट 4’ हा 2015 चा गेम, शेवटची काही वर्षं शांत पडलेला. 25 एप्रिल 2024 ला त्याला अचानक मोठं अपडेट आलं. मूळ प्रोग्रामच्या पोटात कुठे काय आहे ते पक्कं धरून चालणारी मॉडची साधनं एका रात्रीत आंधळी झाली. ‘फॉलआउट: लंडन’ नावाचा प्रचंड मॉड काही हौशी लोकांनी वर्षानुवर्षं राबून केला होता. तो त्याच आठवड्यात यायचा, जुलैपर्यंत लांबला, आणि आला तेव्हा खेळणाऱ्यांना आधी गेम जुन्या आवृत्तीवर न्यावा लागला. नोव्हेंबर 2021 मध्ये ‘स्कायरिम’वाल्यांनी हेच भोगलं. लंडनची ही गत, तर मंगळवेढ्याच्या ज्वारीला कोण विचारतो?

म्हणून माझा बंदोबस्त असा. दुकानाच्या सेटिंगात ‘गेम चालू करताना अपडेट कर’ असा पर्याय आहे, ‘कधीच करू नको’ असा नाही. तेव्हा गेम दुकानातून चालूच करायचा नाही. अख्खा फोल्डर उचलून दुसऱ्या ड्राईव्हवर ठेवला, तिथून थेट स्मॅपीच चालवतो. दुकानाच्या ज्या फाईलीत आवृत्तीची नोंद असते ती ‘रीड-ओन्ली’ करून टाकली. सेव्ह वेगळीकडे असते, ‘ॲपडेटा’ या लपलेल्या फोल्डरात, आणि तिथे आदल्या रात्रीची एक जुनी प्रत गेम स्वतःच ठेवतो. स्मॅपीही शेवटच्या दहा प्रती राखते. तरी मी एक प्रत पेन ड्राईव्हवर घेतो आणि तो बायकोच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवतो. क्लाउड बंद. वायर उपसलेली. गॅसवाला माणूस सिलेंडर घेऊन आला तरी मी आधी विचारतो, “अपडेट बिपडेट काही नाही ना?”

एवढ्यात भाचा आला. त्यानं माझं शेत बघितलं आणि डॉक्टर रिपोर्ट बघून करतात तसा चेहरा केला. “मामा, तुम्ही अजून 1.5 आवृत्तीवर? 1.6 येऊन किती काळ झाला, 19 मार्च 2024 ला आली. आता नव्या वस्तूला नंबराऐवजी नाव देता येतं, स्वतःचं वेगळं पीक घालणं सोपं झालंय. गव्हाचा बळी कशाला द्यायचा? आणि हिवाळ्यात येणारं एक पीकसुद्धा आलंय, पावडरमेलन.”

बायकोनं चटकन मान वर केली. ज्वारी उन्हाळ्यात उगवते हे तिला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. शाळू रब्बीचा, थंडीत डोलणारा, आणि आमच्या खेळात थंडी म्हणजे नुसतं बर्फ. “म्हणजे हिवाळ्यात ज्वारी लावता येईल? मग इतके दिवस वायर काय उपसत होता तुम्ही?”

मी मामांना फोन लावला. मामा आता बोळात नाहीत. मुलानं त्यांना पुण्याला नेलं, हडपसरच्या पुढे, अकराव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे, खाली बाग आहे. ते प्रत्येक वेळी विचारतात, “काय बे शेतकरी, ज्वारी कशी हाय?” मी सगळी हकिकत सांगितली. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही.

“कारखान्यात कॉम्प्युटर आला तवा,” मामा म्हणाले, “नवं डिझाईन चांगलंच होतं, खोटं कशाला बोलू. माझ्यापेक्षा साफ. पर एक दिवस कामाला गेलो तर कपाट रिकामं. कार्डांच्या माळा रद्दीत घातलेल्या. राहिल्या त्या बंबात. इचारलं असतं तर मीच म्हटलो असतो, टाका. इचारलं न्हाई कुणी.”

इथे मला विनोद सुचला नाही. सुचले ते पतसंस्थेच्या खिडकीशी रोज उभे राहणारे म्हातारे. हातात फोन, “साहेब, कालचं बटण कुठं गेलं?” बटण नवं, गोल, सुंदर असतं. जुनं कुठे होतं हे त्यांच्या बोटाला पाठ झालेलं असतं, आणि बोटाला कुणी विचारलेलं नसतं. त्यांचा राग नव्यावर नसतो. बॅरोनवर तर मला रागावताच येत नाही, तो बिचारा इतकी वर्षं अपडेटं फुकट देतोय. पण माझ्या दाराचं कुलूप बदलून मग मला चावी देणारा माणूस कितीही भला असला, तरी मला शंभर रुपयांचं कुलूप आणि दोनशे रुपयांचा संताप येतो.

“मग काय करू मामा?”

“करायचं काय त्यात? जुनं बांधून ठेव, नवं मागावर चढव. दोनीबी चालू दे. आणि ते नाव टाकायच्या रकान्यात माझं घातलंय नव्हं?”

मी म्हटलं, आवाज तुटतोय.

तर आता आमची दोन शेतं आहेत. 1.5 वरचं माझं, तिथे वायर उपसलेलीच असते. 1.6 वरचं बायकोचं. नव्या मॉडात ज्वारी हिवाळ्यात उगवते, गहू गव्हाच्या जागी सुखरूप आहे, आणि ‘ऑथर’ या रकान्यात मामा पहिले, ती दुसरी, मी तिसरा. रकाना तेवढा लहान नव्हता, असं भाच्यानं सगळ्यांसमोर दाखवून दिलं. हिवाळा लागताच तिनं कणसांचा फोटो मामांना पाठवला. मामांचं उत्तर आलं, एक चौकोन चुकलाय.

धक्का मात्र पुढे होता. तिनं पहिल्याच दिवशी ऑटो अपडेट चालू करून ठेवलं. मी ओरडलो, “अगं, परस्पर काहीही बदलतील ते!”

“परस्पर कसं? त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं,” ती म्हणाली. “तुम्हाला मेलं कुणी विचारतच नाही, त्याला मी काय करू?”